फरशीआधीची ओल

तळमजल्यावरची रिकामी खोली मनात आणा. गिलावा झाला आहे, दारं-खिडक्या बसल्या आहेत, फक्त जमीन राहिली आहे. चपला दाराबाहेर काढा आणि उघड्या काँक्रीटवर मांडी घालून बसा. श्वास आपल्या चालीने चालू द्या.

तळहात जमिनीवर टेका. गार लागतं. पण कोरडं काँक्रीटही गार लागतंच, तेव्हा हाताचा कौल बाजूला ठेवा. रंग सगळीकडे सारखा करडा दिसतो. डोळ्यांचाही कौल तूर्त बाजूला ठेवा.

आता मन जमिनीच्या आत न्या. काँक्रीट कालवताना घातलेलं काही पाणी सिमेंटशी कायमचं बांधलं गेलं. उरलेलं बारीक छिद्रांतून वरच्या हवेकडे निघालं आहे, फार सावकाश. ढोबळ हिशेब इंचाला एक महिना, तोही हवा कोरडी असेल तर. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हवाच दमट असते, ती कितीशी ओल उचलणार? चार इंची जमिनीच्या चार महिन्यांत ते दिवस धरू नयेत. शिवाय काँक्रीटखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला नसेल, तर मुरुमातली ओलही वर चढत राहते.

इथे जरा रेंगाळा. वरचा थर आधी सुकतो, तळ ओलाच असतो. त्यावर व्हिनाइल किंवा लाकडी फ्लोअरिंग चिकटवलं की ओलीची वाट बंद होते. मग ती आतल्या आत पसरते आणि आज कोरडा असलेला वरचा थर पुन्हा ओलावतो. गोंद सुटतो, लाकडाच्या कडा उचलतात. म्हणून जाणकार जमिनीला भोक पाडून जाडीच्या 40 टक्के खोलीवर आर्द्रता मोजतात. झाकल्यावर सगळी जमीन ज्या ओलीवर स्थिरावेल, तिचा अंदाज त्या खोलीवर आजच मिळतो. बऱ्याच फ्लोअरिंगना तिथली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या आत लागते. मला हे फार मोलाचं वाटतं: पुढे काय होणार, ते आज आत जाऊन विचारता येतं.

यंत्र नसेल तर जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट चौरस तुकडा घ्या. जमीन झाडून घ्या, चारी कडा चिकटपट्टीने हवाबंद करा. ऊन पडेल अशी जागा टाळा. मग किमान 16 तास हात लावायचा नाही. उचलल्यावर प्लॅस्टिकला आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट काळपटलं, तर ओल अजून वर येते आहे. काहीच दिसलं नाही, तरी तळाची खात्री या चाचणीने होत नाही, हेही मनात असू द्या.

जमिनीत ओल पुरानेही येते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्याजवळ 55 फुटांवर गेली; धोक्याची पातळी 43 फूट. 2021 च्या जुलैत पुन्हा महापूर आला. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात घरा-दुकानांत पाणी शिरलं. पूर ओसरला की चिखल काढून, जमीन पुसून सगळं पूर्ववत करायची ओढ लागते, आणि ती अगदी रास्त आहे. पण भिजलेल्या काँक्रीटला सुकायला पुसल्यानंतरही महिने लागतात.

तेव्हा गृहप्रवेश दसऱ्याला ठरला असेल आणि प्लॅस्टिकखाली थेंब दिसले, तर दसरा जाऊ द्या. गुढीपाडवाही साडेतीन मुहूर्तांतलाच आहे, आणि मधले महिने कोरडे आहेत.