आधी कागद, मग पेन्सिल

वारली पाड्यांवर लग्नाचा चौक लिहायचा असला की आधी भिंत तयार होते. कुडावर शेणामातीचं सारवण, त्यावर गेरू. तो वाळला की मग तांदळाचं पीठ आणि टोक ठेचलेली बांबूची काडी. काडी कुठलीही चालते. भिंत मात्र कशीही चालत नाही. शहापूर-मुरबाडच्या शाळांतून एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी आणि हौसेने बारीक पेन्सिलकाम करणाऱ्या मोठ्यांनीही हा क्रम मनावर घ्यावा, असं मला फार वाटतं. आपण नेमकं उलट करतो. पेन्सिलींचा मोठा डबा निवडून घेतो आणि कागद मिळेल तो.

पेन्सिलीचं गणित सोपं आहे. १७९५ मध्ये फ्रान्सच्या निकोला-जाक काँतेने ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती कालवून ती भाजली, तेच अजून चालतं. माती जास्त तर टोक कडक आणि रेघ फिकट, ती एच. ग्राफाइट जास्त तर टोक मऊ आणि रेघ काळी, ती बी. सागाच्या वाळक्या पानाच्या शिरा काढायला २एच, एचबी, २बी आणि एखादी ४बी पुरे.

कागदाचं तसं नाही. ग्राफाइट कागदात मुरत नाही, पृष्ठभागावरच्या बारीक खाचांत अडकून बसतं. दाणा मोठा असला तर शीर तुटक उमटते, मधे पांढरे ठिपके राहतात. कागद फारच गुळगुळीत असला तर रेघ सुरेख येते, पण थोड्याच थरांत खाचा भरून जातात. पुढे कितीही घासा, काळेपणा वाढत नाही, नुसती चकाकी येते. बारीक कामाला या दोहोंमधला, दोनशे जीएसएमच्या आसपासचा कागद घ्यावा. पुण्याच्या हातकागद संस्थेत १९४० पासून बनत आलेला सुती चिंध्यांचा कागद स्वस्त लगद्याच्या कागदासारखा लवकर पिवळा पडत नाही. मात्र हातकागदाचा खडबडीत प्रकार पानाला नको. तो माहुली गडाच्या काळ्या सुळक्यांसाठी राखावा, तिथे दगडाचा खरखरीतपणा कागदच देतो.

आणि आपला पावसाळा! माळशेजवर ढग टेकले की कागद हवेतला ओलावा ओढून घेतो, तंतू फुगून मऊ पडतात. अशा कागदावर २एचचं टोक चर पाडतं. नंतर ४बी फिरवली की तो चर पांढरा उठून दिसतो. खोडरबर लावावं तर पापुद्रा निघतो. कडक पेन्सिलीने सुरुवात करावी हा सल्ला कोरड्या हवेत ठीक आहे. मुरबाडच्या जुलैमध्ये मी एचबीने, हात अगदी हलका ठेवून सुरुवात करायला सांगेन. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा आणि तळहाताखाली दुसरा कोरा तुकडा असावा.

चित्रकलेच्या शिक्षकांना एक विनंती. पहिल्या तासाला मुलांना तीन-चार जातींच्या कागदांचे तुकडे द्या, पेन्सिल मात्र एकच, एचबी. आणि एकाच पानाची एकच शीर सगळ्या तुकड्यांवर काढायला लावा.