बंद दार

कोकणातल्या देवराईत, जुन्या बेहड्याच्या ढोलीत महाधनेशाची मादी अंडी घालायला शिरते आणि दार लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट उरते. नर दिवसभर उंबराची, वडाची फळं आणून त्या फटीतून भरवतो. पिल्लू जरा मोठं झालं की आई दार फोडून बाहेर येते. पिल्लाला अजून उडताही येत नसतं. मग ते काय करतं? आतून स्वतःच दार पुन्हा लिंपून घेतं!

घरात चौदा-पंधरा वर्षांचं मूल असेल, तर खोलीचं बंद दार तुमच्या ओळखीचं असेल. आपल्याला ते झोंबतं. आत काय चाललंय, मोबाईलवर कोण आहे, आपलंच काही चुकलं का... काळजी अगदीच खोटी नसते म्हणा. मोबाईल म्हणजे काही उंबराचं फळ नव्हे. पण धनेशाचे आईबाप दार फोडायला जात नाहीत. आता दोघंही फळं आणतात आणि बाहेरूनच भरवत राहतात. पंख भरले की पिल्लू आपल्याच चोचीनं बाहेर पडतं.

आज संध्याकाळी दारावर टकटक करा, खायला काय हवं तेवढं विचारा. अभ्यासाचं उद्या बघू.