लकीचा प्रश्न

हिरवळीवर लग्न लागलंय. नवरी रिवाजाप्रमाणे पुष्पगुच्छ फेकते आणि तो झेलतो तिचा पहिला नवरा! लगेच आजी आणि माजी नवऱ्यांची झटापट. गर्दीत उभी राहून या जोडप्याला शाप देणारी खलनायिका म्हणजे साक्षात एलिझाबेथ टेलर. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवरच्या ‘जनरल हॉस्पिटल’ मालिकेत ल्यूक आणि लॉराचं हे लग्न 16 आणि 17 नोव्हेंबर 1981 असं दोन दिवस चाललं. भर दुपारी सुमारे 3 कोटी लोकांनी ते पाहिलं.

नव्वदीच्या सुरुवातीला आपल्याकडे केबल आली, तेव्हा स्टार प्लसवर ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ लागायच्या. (चवीने पाहिल्याचं आज कबूल करणारे कमीच.) ल्यूक-लॉरा मला भेटले ते फार उशिरा, यूट्यूबवरच्या धुरकट तुकड्यांत. लग्न पाहून मी खूश झालो आणि मागची गोष्ट शोधत गेलो. तिथे अडकलो.

कारण या प्रेमाची सुरुवात ऑक्टोबर 1979 मध्ये एका बलात्काराने झाली आहे. ल्यूक गुन्हेगारी टोळीच्या कह्यातला, एक डिस्को चालवणारा. त्याच्यावर खुनाची कामगिरी सोपवलेली, त्यात आपण मरणार याची त्याला खात्री. लॉरा तिथेच कामाला, आणि विवाहित. रात्री डिस्को रिकामा झाल्यावर, हर्ब अल्पर्टचं ‘राइज’ वाजत असताना, ती नको म्हणत असताना हे घडतं. लॉराची भूमिका करणारी जीनी फ्रान्सिस तेव्हा 17 वर्षांची होती.

ल्यूकला खरं तर थोड्याच दिवसांसाठी आणलं होतं. मालिका बंद पडायच्या बेतात असताना 1978 मध्ये निर्माती ग्लोरिया मॉन्टी आली. तिने मालिकेचा वेग वाढवला, तरुण पात्रं पुढे आणली. अँथनी गिअरीचा ल्यूक लोकांना इतका आवडला, की त्याला घालवणं परवडेना. आता बलात्काऱ्याचा नायक कसा करायचा? लेखकांनी सोपी वाट धरली. त्या रात्रीला हळूहळू ‘बलात्कार’ म्हणायचंच थांबवलं. तो मोहाचा क्षण झाला, अनावर प्रेमाचा उद्रेक झाला. 1980 च्या उन्हाळ्यात दोघं गुंडांपासून पळत असताना एका बंद दुकानात रात्र काढतात, तिथलेच उंची कपडे अंगावर चढवून नाचतात. प्रसंग खरोखर गोड आहे. कुणालाही भुरळ पडेल असा, आणि त्याचं कामच ते होतं. पुढच्या वर्षी तर ल्यूक साऱ्या शहराला गोठवू पाहणाऱ्या यंत्रापासून वाचवतो. ज्याने गाव वाचवलं, त्याला जुनं कोण विचारणार?

याला व्यक्तिरेखेचा विकास म्हणावं का? मला नाही वाटत. विकासासाठी माणसाला आपलं कृत्य आठवावं लागतं. ल्यूकला पश्चात्ताप होता, नाही असं नाही. पण मालिकेने त्याच्या कृत्याचं नावच बदललं, मग पश्चात्ताप तरी कशाचा? कादंबरीत हे खपूनही गेलं असतं. कादंबरी संपते, पात्रं तिथेच थांबतात. रोजची मालिका संपत नाही. लेखक बदलतात, निर्माते बदलतात. नट तोच राहतो, म्हातारा होतो, आणि त्याच्यासमोर बसलेली बाईही तीच राहते. नव्या लेखकाला मागचे शेकडो भाग पाहायला वेळ नसतो, तिने मात्र ते इस्त्री करता करता पाहिलेले असतात. हिशेब तिच्याकडे असतो.

1998 मध्ये तो हिशेब निघाला. ल्यूक-लॉराचा मुलगा लकी आता किशोरवयीन झालेला. त्याच्या मैत्रिणीवर, एलिझाबेथवर, बलात्कार होतो. लकी तिला सावरतो, तिच्या शेजारी बसून राहतो. मालिकेनेही घाई केली नाही; तिचं घाबरणं आणि हळूहळू माणसांत येणं महिनोन् महिने दाखवलं. आणि याच काळात लकीला कळतं, की आपल्या बापानेही हेच केलं होतं, आपल्या आईवर. तो बापाला जाब विचारतो.

एकोणीस वर्षांनंतर तो शब्द पुन्हा उच्चारला गेला, तोही घरातच. गिअरी आणि फ्रान्सिस, दोघांनीही त्या जुन्या प्रसंगाबद्दलची अस्वस्थता पुढे मुलाखतींतून बोलून दाखवली आहे. ल्यूक मला पहिल्यांदा पुरता माणूस वाटला तो या प्रसंगात, मुलापुढे नजर न उचलता येणारा. पळवाट म्हणून लेखकांनी जे पुसलं होतं, त्यातूनच त्याची सगळ्यात चांगली दृश्यं आली. लॉराचं काय, हा प्रश्न मात्र तेव्हाही अर्धाच विचारला गेला. बापलेकांच्या भांडणात तिच्या वाट्याला मध्यस्थी आली.

हे सगळं पाहून झाल्यावर मी लग्नाचा तुकडा पुन्हा लावला. गुच्छ झेलणारा तो स्कॉटी, लॉराचा पहिला नवरा. मुळात बरा मुलगा होता, वकील होऊ घातलेला. ल्यूक वर चढावा म्हणून त्याला पायरीपायरीने कपटी, चिडका करत आणलं होतं. आधी मी त्याला हसलो होतो. या वेळी त्या गर्दीत एकट्याने हरकत घ्यायला आलेला माणूस तोच दिसत होता.