उद्या सगळेच मागतील

पेन्सिलीवरचा रबराचा तुकडा काढून घेऊन परीक्षेतली कोणती शिस्त राखली गेली, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा होता तो. एका मुलाची बोटं आखडतात, बारीक पेन्सिल पकडीत राहत नाही, म्हणून आईने ट्यूब कापून तिच्यावर चढवली. पेन्सिल जाड झाली, घसरायची थांबली, अक्षर ओळीवर आलं. वर्गात रोज चाललं. चाचणीच्या दिवशी मात्र बाईंनी तो तुकडा ओढून काढला. आई विचारायला गेली तर उत्तर मिळालं, "तुमच्या मुलाला परवानगी दिली तर उद्या सगळेच मागतील." मागे भिंतीवर नियमांचा लॅमिनेट केलेला कागद होताच. एकदा प्लॅस्टिक चढलं की त्यात खाडाखोड करायची कुणाची छातीच होत नाही.

सगळेच म्हणजे कोण? अख्खा वर्ग पेन्सिलीला ट्यूब चढवून बसेल? बरं, बसला. मग बिघडलं काय? ट्यूब उत्तरं सांगत नाही, तिला पाढे येत नाहीत. ज्याची बोटं धड आहेत तो दोन ओळी लिहून ती काढून ठेवेल, कारण त्याला तिची अडचणच होईल. गरज नसताना असली साधनं कुणी फार वेळ वापरत नाही. आणि कुणाला उपयोग झालाच तर चांगलंच की. लोकलमध्ये पुढच्या स्टेशनचं नाव पुकारतात. ज्याला दिसत नाही त्याला ते हवंच, पण मोबाइलमध्ये मान घालून बसलेला डोळस माणूसही ते ऐकूनच दाराकडे धावतो. त्याने कुणाचा वाटा खाल्ला? "सगळेच मागतील" म्हणणाऱ्याच्या मनात सोय म्हणजे मेहरबानी असते, आणि मेहरबानी पुरवून पुरवून करायची असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा हिशेब मोडून काढला आहे. वाजवी सोय नाकारणं हाच त्या कायद्यात भेदभाव आहे. 2021 मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराचा लेखनिकाचा हक्क मान्य केला, आणि त्यासाठी चाळीस टक्के अपंगत्वाची अट लावता येणार नाही असं सांगितलं. तिथे तर परीक्षेत दुसरा माणूस शेजारी बसवायचा होता. इथे प्रश्न ट्यूबच्या तुकड्याचा आहे.

हीच सबब कचेरीत "मोबाइल आत ठेवा" या रूपात भेटते. कमी ऐकू येणाऱ्या एका आजींसोबत मी खिडकीशी उभा होतो. त्यांच्या नातवाने फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब चालू करून दिलं होतं. फुकट मिळतं, मराठी कळतं. फोन खिडकीच्या फळीवर ठेवला की कारकुनाचं बोलणं मोठ्या अक्षरांत उमटत जातं. आडनावांचा विचका होतो, पण "हयातीचा दाखला जोडा, सोमवारी या" एवढं स्पष्ट वाचता येतं. आजी मान वर करून म्हणाल्या, "सोमवारी साहेब असतील ना?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्या खिडकीशी उलट प्रश्न विचारला असेल. तेवढ्यात शिपाई आला आणि त्याने लॅमिनेट केलेल्या सूचनेकडे बोट दाखवलं. फोन पिशवीत गेला, आजी पुन्हा नातवाच्या तोंडाकडे बघू लागल्या.

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासून असतं, ते पडद्यावरचं वाचून दाखवतं. रिझर्व्ह बँकेने 2020 च्या पहिल्याच दिवशी 'मनी' ॲप आणलं. नोटेसमोर फोन धरला की किती रुपयांची ते बोलून सांगतं, इंटरनेटही लागत नाही. म्हणजे खुद्द रिझर्व्ह बँक नोट ओळखायला फोन हातात घ्या म्हणते, आणि खिडकीवरची सूचना म्हणते तो आत ठेवा. अंध माणसाने यातलं कुणाचं ऐकायचं?

बजेट नाही, वरून आदेश नाही, हेही ऐकवलं जातंच. फुकटच्या गोष्टीला बजेट कशाला हवं? जाऊ द्या.

पैसा कुठे सैल सुटतो ते मात्र दिसतं. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला व्हीलचेअर वाटप होतं. माप कुणी घेत नाही, घराचा उंबरठा किती उंच हे कुणी विचारत नाही, फोटो झाला की खुर्ची घरात कपडे वाळत घालायला उपयोगी पडते. पुढच्या वाटपाला एवढं करा. हारतुऱ्यांच्या पैशात एक सुतार आणि एक सायकल दुरुस्तीवाला दिवसभर मांडवात बसवा. एकाने उंबरठ्यांसाठी फळ्या कापून द्याव्यात, दुसऱ्याने जुन्या खुर्च्यांची चाकं सरळ करावीत. व्यासपीठावर पाहुणे दोन कमी आले तरी चालतील.