एकाचा मान आणि सर्वांचे शिक्षण

महाविद्यालय चांगले कशावरून म्हणावे? अमेरिकेत या प्रश्नाचे एक सोपे उत्तर रूढ आहे: तेथील किती विद्यार्थ्यांना ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली ते मोजावे. महाविद्यालये हे आकडे अभिमानाने प्रसिद्ध करतात. हे माप न्याय्य आहे काय, याचा आपण विचार करू या.

सेसिल ऱ्होड्स १९०२ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकण्यासाठी ही शिष्यवृत्ती सुरू झाली. अमेरिकेच्या वाट्याला दरवर्षी ३२ जागा येतात. चार वर्षांचे पदवी-शिक्षण देणाऱ्या संस्था मात्र तेथे दोन हजारांहून अधिक आहेत. बहुतेकांच्या नावापुढे शून्यच राहणार, आणि त्या शून्यावरून तेथील अध्यापनाविषयी काहीही कळणार नाही. शिवाय हार्वर्डसारख्या संस्थेत मुळात पारखूनच मुले घेतली जातात. त्यांच्या यशात संस्थेचा वाटा किती आणि घरून आणलेली शिदोरी किती, हे आकडा सांगत नाही.

जवळचे उदाहरण घेऊ. माथेरानला जन्मलेले नाटककार गिरीश कार्नाड १९५८ साली धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि १९६० साली ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. निवड समितीने दुसऱ्या कोणाला पसंती दिली असती, तर धारवाडच्या प्राध्यापकांचे शिकवणे कमी प्रतीचे ठरले असते काय?

असा मान निरर्थक आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्यासाठी शिक्षकांची शिफारसपत्रे लागतात आणि विद्यार्थ्याला जवळून ओळखल्याखेरीज ती नीट लिहिता येत नाहीत. पण ही ओळख एकट्या हुशार विद्यार्थ्यापुरती आहे, की शेवटच्या बाकावरच्या मुलालाही लाभते? खरा नैतिक प्रश्न येथे आहे. जी संस्था बक्षिसांच्या संख्येवर आपली किंमत ठरवते, तिला चमकणाऱ्या मुलावरच वेळ वेचण्याचा आणि अडखळणाऱ्याला ओझे समजण्याचा मोह होतो. विद्यार्थी मग संस्थेच्या जाहिरातीचे साधन बनतो.

ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रात विद्वत्तेबरोबर सत्यनिष्ठा, धैर्य आणि दुर्बलांविषयी सहानुभूती हे गुणही अपेक्षिलेले आहेत. विद्यार्थ्याकडून जे अपेक्षावयाचे, ते महाविद्यालयाकडूनही अपेक्षावयास नको काय? मुलांसाठी महाविद्यालय निवडताना किती जणांनी मानाच्या शिष्यवृत्त्या मिळवल्या, हे आपण अवश्य विचारावे; पण पहिल्या वर्षी जे नापास झाले त्यांना कोणी हात दिला, हे त्याआधी विचारावे.