उरलेलें पाणी

मननासाठीं शास्त्रपाठ : यहेज्केल ३४:१७-२२



या पाठांत प्रभु आपल्या कळपांतील धष्टपुष्ट मेंढरांचा न्याय करितो. त्यांचा अपराध कोणता? तीं पाणी प्यालीं, हा नव्हे. पाणी प्रभूनेंच दिलें होतें. स्वतः निवळ पाणी पिऊन उरलेलें त्यांनीं पायांनीं गढूळ केलें, व दुबळ्या मेंढरांस तेंच प्यावें लागलें, हा तो अपराध होय.

नरडाण्याच्या आसपास उन्हाळ्यांत नाले कोरडे पडले म्हणजे विहीर व बोअरवेल हाच आधार. तापीपलीकडे शिरपूर तालुक्यांत २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनानें नाले रुंद व खोल करून, बंधारे घालून, पाणी जमिनींत जिरविण्यांत आलें. हें काम अनुकरणीय आहे. परंतु जसें पाणी जिरवावें तसेंच तें विहिरींत उतरतें. खडकाच्या भेगांतून वाहणारें पाणी शेताचा बांध ओळखीत नाहीं. कपाशीवरील फवारणीचा पंप जो नाल्यांत धुतो, तो शेजाऱ्याच्या हंड्यांत विष कालवितो. गरजेहून अधिक घातलेल्या युरियाचें नायट्रेट झिरपून विहिरींत जातें. पाणी उकळल्यानें रोगजंतु मरतात, परंतु नायट्रेट जात नाहीं, आणि तें तान्ह्या बालकांस विशेष घातक असतें.

कोणी म्हणेल, "माझ्या मनांत कपट नाहीं." १८५४ सालीं लंडन शहरांत ब्रॉड स्ट्रीट भागीं पटकीनें सुमारें ६०० माणसें मेलीं. डॉक्टर जॉन स्नो यांनीं तेथील पंपाच्या पाण्यास दोष दिला. हेन्री व्हाइटहेड या तरुण पाळकास तें प्रथम पटलें नाहीं. तथापि घरोघर विचारपूस करितां त्यालाच पुरावा सांपडला. एका मातेनें आजारी बालकाचे कपडे धुतलेलें पाणी मैलाकुंडींत ओतलें होतें, व ती कुंडी पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्या आंत होती. त्या मातेच्या मनांतही कपट नव्हतें. उपदेशक बंधूंनो, घरोघर जाऊन अशी चौकशी करणें हीही प्रभूची सेवाच आहे.

पाणवठ्यापासून दूर उभें राहण्याचें दुःख आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांनीं भोगलें आहे. त्या अन्यायाविरुद्ध १९२७ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. ज्यांना पाणी नाकारलें गेलें, त्यांच्याच लेकरांनीं आज खालच्या वस्तीस गढूळ पाणी पाठवावें काय?

छावणीबाहेर खणून मैला झांकावा, कारण परमेश्वर छावणींतून चालतो, असें मोशेनें इस्राएलास शिकविलें (अनुवाद २३:१२-१४). आपल्या वस्तींतूनही तो चालतो. म्हणून संडासाचा खड्डा व उकिरडा विहिरीपासून दूर असावा. विहिरीस कठडा असावा. औषधाचा डबा नाल्यांत धुऊं नये. पावसाळ्यापूर्वीं व नंतर पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीकडून करवून घ्यावी.

उत्तम मेंढपाळ आपल्याला तृप्त करितो. जें उरतें तें दुसऱ्यासाठीं निर्मळ राखण्याची बुद्धि तो आपणांस देवो. आमेन.