श्वास मोजण्याचं एक मिनिट

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघालं की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं ओळीनं लागतात. मिठागरांच्या कडेची ही गावं आज महानगरपालिकेत आहेत, पण मूल तापलं की आई आधी गाठते तो जवळचा एका खोलीचा दवाखानाच. सर्दी, खोकला, जुलाब, ताप, कानदुखी. लहान मुलांची बहुतेक दुखणी इथेच येतात. म्हणून तिथला डॉक्टर पदवीनंतर काय शिकतो, हा प्रश्न मला नव्या इस्पितळाच्या खाटांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

अडचण अशी की साध्या आजारात अनुभव शिकवत नाही. विषाणूची सर्दी आठवडाभरात आपसूक जाते. मधल्या काळात दिलेलं अँटिबायोटिक निरुपयोगी असलं तरी मूल बरं होतं आणि श्रेय औषधाला मिळतं. आई समाधानी, डॉक्टर निश्चिंत. चूक चुकीसारखी दिसतच नाही, आणि वीस वर्षांत तिचीच सवय होते. ज्या एखाद्या मुलाला खरोखर न्यूमोनिया असतो, त्याला घरचे दुसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात नेतात. त्याचं पुढं काय झालं, हे पहिल्या डॉक्टरला कोणी कळवत नाही.

ज्ञान मात्र थांबत नाही. तापावरचं नाइमसुलाइड हे औषध 2011 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी बंद झालं. जुलाबात ओआरएससोबत दहा ते चौदा दिवस झिंक द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना 2004 पासून सांगते आहे. तरी पालक सलाइनचा आग्रह धरतात आणि तो मोडणं सोपं नसतं. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी औषधानं मुलं दगावली, तेव्हा केंद्र सरकारला बजावावं लागलं की दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नये. त्या मुलांचा जीव भेसळीनं घेतला हे खरं. पण मुळात ती बाटली लिहून देण्याची गरज किती होती, हेही विचारलं पाहिजे.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेनं नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या 30 क्रेडिटची अट घातली आहे. अट योग्यच आहे. पण ती हजेरी मोजते. सोमवारी सकाळी लिहिलेली चिठ्ठी बदलली का, हे तिला कळत नाही. शिवाय गल्लीतले कित्येक डॉक्टर आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात आणि बालरोगतज्ज्ञांच्या परिषदा त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचतात. त्यांना नावं ठेवून मुलांचं भलं होणार नाही.

शिकवणं किती साधं असू शकतं, हे गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं निरक्षर दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. या कामाचे निष्कर्ष 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले: न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त, म्हणजे धोका. संध्याकाळी बाकावर तीस जण खोळंबलेले असताना हे एक मिनिट काढणं जड जातं, हे मला मान्य आहे. तरी ते काढायला हवं.

मला हवं आहे ते थोडंच. राई-मुर्ध्याच्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा भाईंदरच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात बसावं, पदवी कुठलीही असो. समोर त्यांनीच पाठवलेल्या मुलांचे केसपेपर असावेत, नावं झाकून. पाठवताना चिठ्ठीवर श्वासांचा आकडा लिहिला होता का, तिथपासून बोलणं सुरू व्हावं.